आठ अक्षरांची मराठी

मंडळी, आजचा शनिवार जरा तांत्रिक आहे. मागचे दोन-तीन लेख किल्ले आणि कागदपत्रांवर झाले, म्हणून म्हटलं थोडी चव बदलू. सी लँग्वेज कधी पाहिली नसेल तरी हे वाचता येईल. ज्यांनी पाहिलीय त्यांना सुरुवात बाळबोध वाटली तर खुशाल पुढे सरका, मी बघत नाहीये :)

विषय आहे एक डिस्प्ले. मोबाइलचा नव्हे. हिरवट-पिवळा नाहीतर निळा, दोन ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकोन. तुम्ही तो नक्की पाहिलाय. इन्व्हर्टरवर असतो, दूध डेअरीत फॅट मोजणाऱ्या यंत्रावर असतो, शेतातल्या पंपाच्या पॅनेलवर असतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या फायनल इयर प्रोजेक्टवर तर असतोच असतो (पहिल्या ओळीत कॉलेजचं नाव, आणि ते मावत नाही म्हणून डावीकडे सरकत जाणारं). या डिस्प्लेची भाषा जवळजवळ कायम इंग्रजी. तीही सगळी कॅपिटलमध्ये, कुणीतरी ओरडतंय अशी.

का? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: 'मराठी त्यात मावत नाही.' हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडा इतिहास खणावा लागतो. तो बेल लॅब्जमध्ये सुरू होतो, जपानमार्गे पुण्यात येतो, आणि जळगावजवळच्या असोद्यात माझ्या मामांच्या शेतात एका पत्र्याच्या पेटीपाशी थांबतो.

आधी ती सीमधली सोय समजून घेऊ. जळगावात लग्नाचं केटरिंग करणारा आचारी डोळ्यासमोर आणा. त्याच्या डोक्यात भाजीची रीत एकच असते. त्यात एक अट: जैन पार्टी असेल तर कांदा-लसूण वगळ. ही अट स्वयंपाकघरात पाळली जाते, पंगतीत नाही. जैन भाजीच्या पातेल्यात कांदा 'लपवलेला' नसतो, तो नसतोच. वाढप्याला कितीही विनवण्या करा, तो कुठून आणणार?

कंडिशनल कंपायलेशन म्हणजे नेमकं हेच. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये तुम्ही लिहिता '#इफडेफ डिस्प्ले', मग डिस्प्लेवर अक्षरं उमटवायच्या चार ओळी, मग '#एंडिफ'. फाइलच्या वर 'डिस्प्ले आहे' अशी एक ओळ असेल तर त्या चार ओळी चिपमध्ये जातात. नसेल तर कंपायलर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एकाच फाइलमधून दोन वस्तू निघतात: एक डिस्प्लेवाली महाग, एक तीन दिव्यांची स्वस्त. दुसऱ्या वस्तूच्या पोटात डिस्प्लेचा मागमूस नसतो.

ही सोय सीमध्ये पहिल्यापासून नव्हती. डेनिस रिचीने १९९३ साली सीच्या जन्माची हकीकत लिहिली, त्यात हे येतं. प्रीप्रोसेसर आला १९७२-७३ च्या सुमारास, काही अंशी अ‍ॅलन स्नायडरच्या आग्रहामुळे. तेव्हा त्याला दोनच गोष्टी यायच्या: एका फाइलमध्ये दुसरी फाइल ओढून आणणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणं. अटी नंतर आल्या, मुख्यतः माइक लेस्क आणि मग जॉन रायझर यांच्या हातून. काही वर्षं तर प्रीप्रोसेसर ही ऐच्छिक बाब होती. फाइलच्या सुरुवातीला विशिष्ट खूण असेल तरच तो चालायचा.

कल्पना त्याहून जुनी आहे. १९६० च्या दशकात मोठ्या मशिनांच्या असेंबलरमध्ये 'अमुक असेल तर हा भाग घे' असं लिहिता यायचंच. पण युनिक्स एका मशिनवरून दुसऱ्यावर हलवायची वेळ आली, तसं एकाच फाइलमध्ये चार मशिनांचा संसार मांडायची गरज पडली आणि #इफडेफ हळूहळू सगळीकडे उगवलं. इतकं, की १९९२ साली हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी त्याच्याविरुद्ध एक निबंध वाचला. त्याच्या नावाचाच अर्थ '#इफडेफ घातक समजावा' असा होता. त्यांचं म्हणणं वाचण्यासारखं आहे, पण मायक्रोकंट्रोलरवाल्यांना ते पाळणं परवडणारं नव्हतं. कारण साधं: जागा.

१९८० साली इंटेलने ८०५१ ही चिप काढली. आमच्या पिढीच्या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हिचीच पारायणं झाली. प्रोग्रॅमसाठी चार किलोबाइट, कामाच्या आकड्यांसाठी १२८ बाइट. किलो नव्हे, नुसते बाइट. हा परिच्छेदसुद्धा त्या १२८ मध्ये मावणार नाही. अशा ठिकाणी न लागणारी ओळ चिपमध्ये ठेवणं म्हणजे मुंबईच्या वन रूम किचनमध्ये कुणीतरी पियानो आणून ठेवण्यासारखं. वगळायचंच, आणि स्वयंपाकघरातच वगळायचं.

दुसरं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. ते डिस्प्लेच्या स्वभावात आहे.

हे सोळा बाय दोन डिस्प्ले ज्या चिपवर चालतात तिचं मूळ नाव एचडी ४४७८०. हिताची कंपनीची, १९८० च्या दशकातली. आज चीनमधल्या नकला मिळतात, पण बोली तीच. या चिपच्या पोटात अक्षरांचे ठसे कायमचे कोरलेले असतात, एकूण २४०. पण कुठले? त्याच्या आवृत्त्या आहेत. सगळ्यात जास्त खपणारीत इंग्रजी आणि जपानी काताकाना, दुसरीत युरोपातली टिंबं-टोप्या लावलेली अक्षरं. जपानी आवृत्तीवर उलटी तिरकी रेघ पाठवली तर येनचं चिन्ह उमटतं. कॉलेजात ते पाहून 'डिस्प्ले गेला' म्हणणारे महाभाग मला माहीत आहेत.

आणि गंमत म्हणजे डिस्प्लेला विचारता येत नाही, 'बाबा रे, तुझ्या पोटात कुठली लिपी आहे?' त्याला हा प्रश्नच कळत नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवायचं. याचं आजही पाहता येणारं उदाहरण म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं मार्लिन हे सॉफ्टवेअर. २०११ पासून जगभरचे लोक मिळून ते लिहिताहेत. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये या डिस्प्लेच्या लिपीसाठी तीन पर्याय दिलेत: जपानी, वेस्टर्न, सिरिलिक. आपल्याकडचा डिस्प्ले कुठला हे कळत नसेल तर फाइलमधली टिपणी सांगते की चाचणीचा प्रोग्रॅम चढवा आणि काय उमटतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा! रशियन लोकांनी आपली अक्षरं कोरलेली आवृत्ती मिळवली. देवनागरीचा चौथा पर्याय तिथे नाही, कारण तसा ठसाच त्यात नाही.

जपान्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं. कांजी त्यांनाही या चौकोनात बसवता आली नाही, पण काताकाना होती. सुटी सुटी अक्षरं, ना मात्रा ना जोडाक्षर, आणि १९६९ पासून त्यांचं प्रमाण कोष्टक ठरलेलं. आपलं तसं नाही. एक चौकोन म्हणजे आडवे पाच ठिपके, उभे आठ. त्यात वर वेलांटी, मध्ये शिरोरेषा, खाली उकार. अक्षराच्या अंगाला उरतात चार-पाच ठिपके. त्यात दोन चौकोनांच्या मध्ये काचेवरच फट असते, म्हणजे शिरोरेषा सलग येणारच नाही. पुढचे दात पडल्यासारखी दिसते.

लिपी यंत्रात कोंबायचा हा खटाटोप आपल्याला नवा नाही हं. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी शेकडो खिळ्यांची संख्या कमी करत १९० च्या आसपास आणायचा घाट घातला होता. सावरकरांनी सगळे स्वर 'अ'च्याच बाराखडीत लिहायचा प्रचार केला. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवायचं ठरलं. ती सुधारणा फार काळ टिकली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. टाइपरायटर आणि खिळे गेले, वेलांटी आहे तिथेच आहे.

संगणकावर तर हा प्रश्न आपल्याच लोकांनी, चांगला सोडवला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि तिथून जिस्ट कार्ड निघालं. पीसीमध्ये हे कार्ड खोचलं की पडद्यावर मराठी. त्यासाठीचं इस्की हे कोष्टक १९९१ साली भारतीय मानक झालं, आणि युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेली आहे. म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारात पीसीवर मराठी नीट चालत होती, त्याच वर्षांत काही किलोमीटरवरच्या भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये तयार होणाऱ्या पॅनेलांवर 'फेज फेल्युअर' इंग्रजीत उमटत होतं. यात कुणाचा कट नव्हता. पीसीत एक जादा कार्ड बसवता येतं, पंपाच्या पेटीत नाही. शिवाय पॅनेल विकत घेणारा शेतकरी त्या शेडमध्ये कधी येत नव्हता.

आता असोदा.

जळगाव शहर संपलं की थोड्या अंतरावर हे गाव लागतं. बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे माहीत: भरताची वांगी आणि बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंचा जन्म इथला, १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांसारख्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की ते लेवा गणबोलीतच छापलं गेलं. कुणी त्याची 'शुद्ध' मराठी करून ठेवली नाही. हे का सांगतोय ते पुढे येईल.

मामांची केळी आहेत, थोडा कापूस, बांधाला वांगी. केळीला पाणी किती लागतं ते सांगायला नको. आणि शेतीची वीज म्हणजे वर्षानुवर्षं चालत आलेला तोच खेळ: आठवड्यातले काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री. (सौर फिडर जिथे आलेत तिथे आता दिवसा मिळू लागलीय.) रात्रीची पाळी असली की 'लाइन आली' हा शब्द ऐकून माणसं झोपेतून उठतात. मग लोकांनी ऑटो स्विच बसवले: लाइन आली की मोटर आपोआप चालू. पण लाइन सगळ्यांकडे एकदमच येते. सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचल घेतात आणि डीपी उडते. महावितरण म्हणूनच ऑटो स्विच काढा म्हणून सतत सांगत असतं. चांगल्या पॅनेलमध्ये यावर उपाय असतो. लाइन आल्यावर ते मुद्दाम काही वेळ थांबतं, मग मोटर सुरू करतं. तोवर डिस्प्लेवर लिहिलेलं असतं 'ऑन डिले' आणि उलटे मोजले जाणारे सेकंद.

हे इंग्रजी ज्याला वाचता येत नाही त्याच्या नजरेने बघा. रात्रीचे दोन. लाइन आलीय, दिवा लागलाय, मोटर सुरू होत नाही. यंत्र काहीतरी म्हणतंय. माणूस किती वेळ वाट बघेल? तो पॅनेल बाजूला ठेवून मोटर 'डायरेक्ट' करतो. वायर सरळ जोडायची, संपला विषय. मग एखाद्या रात्री एक फेज गेला की अडवायला कुणी नसतं. मोटर दोन फेजवर घरघरते, जळते, आणि ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात नंबर लावून बसावं लागतं. तेवढ्या दिवसांत केळीचं काय होतं ते खानदेशातल्या कुणालाही विचारा.

माझे मामा मराठी पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात. निरक्षर वगैरे अजिबात नाहीत. तरी पॅनेलपाशी उभं राहून मला म्हणाले, 'काय लिहेल हाये रे भाऊ त्याच्यावर? तू तं इंजिनिअर.'

मी सांगायच्या आधीच त्यांनी पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला, पावसाच्या ओलीने कडा पिवळ्या पडलेल्या. डावीकडे इंग्रजी शब्द, जसे दिसतात तसे एकेक अक्षर पाहून उतरवलेले. उजवीकडे मराठी. माझ्या मामेबहिणीने बारावीत असताना करून दिलेला. 'ड्राय रन' समोर लिहिलं होतं 'पाणी नाही'. 'फेज फेल्युअर' समोर 'फेज गेला'. 'ओव्हरलोड' समोर 'लोड जास्त'. आणि 'ऑन डिले' समोर, दोनदा अधोरेखित, 'थांबा'.

आम्ही याला स्ट्रिंग टेबल म्हणतो. ते चिपमध्ये असायला हवं होतं, ते झाकणावर होतं. 'मामा, तुम्ही हे सगळं पाठ केलंत?' मी विचारलं. 'आता कागद पाहाची गरज नाही,' मामा म्हणाले. 'लांब शब्द दिसला म्हणजे फेज, आखूड असला म्हणजे पाणी.'

योगायोग असा, की त्याच सुमारास कामाच्या निमित्ताने पंपाची पॅनेलं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा जुना सोर्स कोड माझ्याकडे आला. मामांचं पॅनेल त्यांचं नव्हे, पण जात तीच. नाव घेत नाही, कारण यातलं काहीच त्यांच्या एकट्याचं नाही. त्या फाइलमध्ये सुमारे साठ ओळींवर कुंपण होतं: '#इफडेफ मराठी'. तारीख २००४ ची, सही म्हणून इंग्रजी दोन अक्षरं. ते गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेलेले. वर 'मराठी आहे' ही ओळ कधी चालू केली होती का? जुन्या आवृत्त्यांचा जेवढा इतिहास मिळाला त्यात एकदाही नाही. मी चालू करून पाहिली. कंपाइल होईना.

कारण उघड आहे. डिस्प्लेची जोडणी मधल्या काळात आठ तारांवरून चार तारांवर आली, फंक्शनांची नावं बदलली, आणि बाकीचा प्रोग्रॅम त्यासोबत बदलत गेला. कुंपणाआडच्या साठ ओळींना कुणी हात लावला नाही, कारण त्या मोडल्याचं कुणाला कळलंच नाही. कंपायलर जे वाचत नाही त्यातली चूकही सांगत नाही. कंडिशनल कंपायलेशनचा हा खरा दुर्गुण, माझ्या मते जागा-बिगा सगळ्याच्या वरचा: वगळलेली गोष्ट गोठून राहत नाही, ती सडते. स्वयंपाकघरात न वापरलेला कांदा तरी कोंब काढून आठवण देतो.

मात्र ते काम होतं हुशारीचं. एचडी ४४७८० मध्ये कोरलेल्या ठशांखेरीज एक छोटी पाटी असते, ६४ बाइटची. त्यावर आपण स्वतः काढलेली अक्षरं ठेवता येतात. फक्त आठ. पडद्यावर एका वेळी आठांपेक्षा जास्त वेगळे मराठी ठसे दिसू शकत नाहीत. पण संदेश बदलला की पाटी पुसून नवे आठ लिहिता येतात! या अनामिक माणसाने प्रत्येक संदेशासाठी वेगळी पाटी केली होती. वरच्या ओळीत मराठी, खालच्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर, आकडे चिपमधलेच इंग्रजी. एका संदेशाला ठसे आणि मजकूर मिळून फार तर ८० बाइट. बारा संदेश धरले तर ९६० बाइट, म्हणजे एक किलोबाइटच्या आत. चार किलोबाइटच्या चिपमध्ये हा सुमारे तेवीस टक्के भाडेकरू जड होता, कबूल. पण २००४ मध्ये आठ किलोबाइटच्या चिपा बाजारात सर्रास मिळत होत्या.

म्हणजे 'मावत नाही' हे २००४ मध्येच खरं उरलं नव्हतं. त्याच वर्षांत शेतकऱ्यांच्या खिशात नोकिया ११०० होता. ९६ बाय ६५ ठिपक्यांचा पडदा आणि मेनू हिंदीतून. खिशात देवनागरी, खांबावर इंग्रजी.

मग त्या साठ ओळी चालू का झाल्या नाहीत? एक कारण मला संदेश वाचल्यावर सापडलं. 'फेज फेल्युअर'ला त्याने लिहिलं होतं 'प्रावस्था दोष'. 'ड्राय रन'ला 'शुष्क चालन'. बिचाऱ्याने परिभाषा कोश उघडून इमानदारीने शोधलेलं दिसतं. कुणी विक्रेत्याने ते पाहिलं असेल आणि म्हणाला असेल, यापेक्षा इंग्रजी बरं! हा माझा तर्क, पण मीही तेच म्हटलं असतं.

आता हिशोब करून बघा, मला तर यात फार मजा आली. 'प्रावस्था दोष' लिहायला वेगळे ठसे किती? प्र, काना, व, अर्धा स, थ, द, ओकार, ष. बरोब्बर आठ, पाटी भरली. 'फेज गेला'ला? फे, ज, गे, ल, काना. पाच. 'पाणी नाही'ला प, काना, ण, वेलांटी, न, ह. सहा. 'लोड जास्त' सात. 'थांबा' फक्त चार. कोशातली मराठी पाटीवर कशीबशी मावते आणि बारावीतल्या मुलीची मराठी पाय पसरून बसते. अर्थात हे नेहमीच जमत नाही. 'मोटर तापली'ला नऊ ठसे लागतात, एकाने हुकतं. तिथे नुसतं 'तापली' लिहायचं. काय तापली ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

एव्हाना कुणीतरी म्हणेल, राव, आता कोण वापरतं सोळा बाय दोन? खरंय, छोटे ग्राफिक डिस्प्ले स्वस्त झालेत, चार मेगाबाइट मेमरीच्या चिपा मिळतात, अख्खा मराठी फॉन्ट त्यात झोपा काढेल. मोबाइल स्टार्टरही आले. पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या नॅनो गणेशला नोकियाच्या स्पर्धेत २००९ साली पारितोषिक मिळालं होतं. पुढे आलेल्या काही स्टार्टरमधून तर थेट आवाज येतो, मराठीत. लिपीआधी बोली यंत्रात शिरली म्हणायची. पण गावात फिरून बघा. एकदा बसवलेलं पॅनेल पंधरा वर्षं हलत नाही, आणि नवीन मॉडेलचा प्रोग्रॅमही बहुतेकदा जुन्याच फाइलवरून पुढे वाढवलेला असतो. जागेसाठी घातलेलं कुंपण जागा मिळाली तरी तसंच राहतं.

तर त्या कंपनीच्या फाइलमध्ये आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, कुंपण काढलं. भाषेची निवड साध्या 'इफ'ने केली. लिनक्सवाल्यांच्या नियमावलीतही हाच सल्ला आहे: अट साध्या 'इफ'मध्ये लिहा, म्हणजे कंपायलर दोन्ही फांद्या वाचतो, चुका सांगतो, आणि न लागणारी फांदी शेवटी स्वतःच छाटून टाकतो. जागा तेवढीच वाचते, पण मराठी मोडली तर त्याच दिवशी कळतं. डिस्प्ले आहे की नाही, त्यात कुठली आवृत्ती, हे मात्र #इफडेफमध्येच ठेवलं. जे लोखंडात ठरलंय ते स्वयंपाकघरातच ठरलेलं बरं. सगळ्या #इफडेफवर फुली मारायच्या मताचा मी नाही.

दुसरी, संदेशांची पूर्ण यादी मामेबहिणीला पाठवली. ती आता जळगावात नोकरी करते. म्हणाली, 'दादा, याचे पैसे मिळणार का?' (मिळाले.) दोन दिवसांनी यादी आली. एकाच संदेशापाशी तिने प्रश्नचिन्ह केलं होतं: नवीन मॉडेलमधलं 'अर्थ लीकेज'. कोशात पाहिलं तर 'भूक्षरण' का काहीतरी निघेल या भीतीने मी पाहिलंच नाही. तिने मामांना विचारलं, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तुम्ही काय म्हणता?

उत्तर आलं, 'शॉक मारतो.' श, चंद्र असलेला काना, क, म, काना, र, त, ओकार. मोजून आठ.